साचा आणि आखणी

पेणच्या मूर्तिशाळांत गणपति घडतांना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. एकाच साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात; परंतु कारागिरानें डोळ्यांची आखणी करीपर्यंत त्यांत देव दिसत नाहीं. मुंबईंतील एका विस्मृत वाद्यवृंदाचा विचार करितांना आम्हांस ही मूर्तिशाळा वारंवार आठवते.

१९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील तरुणांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें 'ब्लूज' गीत उचलून तें आपल्या विजेच्या गिटारींवर वाजविलें. ती लाट मुंबईच्या कॉलेजांतही आली. एका सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेंतील गाण्यांच्या तबकड्या १९७० व १९७१ सालच्या आहेत. त्याच पिढींतला 'वेल्व्हेट फॉग' हा मुंबईचा संच; नंदू भेंडे त्याचे गायक. नवल असें कीं, याच नांवाचा एक संच बर्मिंगहॅम येथेंही होता. पुढें 'ब्लॅक सबाथ'मुळें जगप्रसिद्ध झालेले टोनी आयोमी १९६८ सालीं अल्पकाळ त्यांत होते. १९६९ सालीं त्याची तबकडी निघाली. पण कीर्ति मात्र आली नाहीं.

मुंबईच्या संचाचें नांव तरी आज किती घरांत ठाऊक असेल? गुण कमी पडले, असें आम्हांस वाटत नाहीं. रोह्यास धावीर महाराजांची पालखी निघाली म्हणजे तिच्यापुढील वाद्यें कोणाचीं, असें कोणी विचारीत नाहीं; तीं गांवाचींच असतात. इंग्रजी गाणीं गाणाऱ्या या तरुणांमागें असा गांव नव्हता.

नंदू हे आत्माराम व आशा भेंडे या नाट्यप्रेमी दांपत्याचे चिरंजीव. १९७४ सालीं अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्यें ते इंग्रजींत जुडास झाले. १९७८ सालीं 'तीन पैशाचा तमाशा'मध्यें मराठींत अंकुश झाले. ब्रेख्टचें मूळ नाटक १९२८ चें, त्याचेंही मूळ जॉन गे याच्या १७२८ च्या नाटकांत. साचा दोनदां परका, परंतु पु. ल. देशपांड्यांच्या मराठीनें आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनानें आखणी अशी झाली कीं, प्रेक्षकांनीं तो आपला मानिला.

विद्यार्थिदशेंत आम्हीही अशा संचांस नकलाकार म्हणून हिणविलें आहे. आज तें बोलणें सलतें. २०१४ सालीं नंदू भेंडे निवर्तले. त्या नकलांच्या तालमीवांचून अंकुशास तो कंठ लाभला असता काय? साच्यांतून मूर्ति निघाली नाहीं, तर आखणी करावयाची तरी कशावर!