वाडा

महाराष्ट्राच्या देश भागातील चौकाभोवती बांधलेले पारंपरिक निवासस्थान. मराठेशाहीत, विशेषतः पेशवेकाळात, हा प्रकार भरभराटीस आला. घडीव दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळया आणि विटा-मातीच्या जाड भिंती ही त्याची मुख्य अंगे होत. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो. मधल्या मोकळ्या चौकातून उजेड व वारा खेळतो. कमी पावसाच्या प्रदेशात लाकडी पाटणीवर माती पसरून केलेले सपाट धाबे (माळवद), तर जास्त पावसाच्या भागात उतरते कौलारू छप्पर आढळते.

वाड्याची मांडणी एकत्र कुटुंबाच्या गरजांनुसार व तत्कालीन रीतिरिवाजांनुसार होई. मोठ्या दरवाजातील दिंडी व देवडी संरक्षणासाठी, ओसरी व सदर पाहुण्यांसाठी आणि कामकाजासाठी, तर माजघर, स्वयंपाकघर व परसू हे मुख्यतः स्त्रियांच्या वावराचे भाग असत. मोठ्या वाड्यांत एकाहून अधिक चौक असत.

पहिल्या बाजीरावाने 1730–32 मध्ये पुण्यात बांधलेला शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. तटबंदी व दरवाजे मात्र टिकून आहेत. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे.