मागणीपत्रकाचा इतिहास

रक्तचाचण्यांचा इतिहास आपण शोधांच्या अंगाने वाचतो. पण डॉक्टर जो कागद भरून प्रयोगशाळेकडे धाडतात, त्या मागणीपत्रकालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक चाचण्या तंत्रज्ञ हाताने करत. साखर मोजायची तर एक खटपट, युरिया मोजायचे तर दुसरी. श्रमच इतके पडत, की मागणीला आपोआप आळा बसे.

हे चित्र पालटले ते अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी. लिओनार्ड स्केग्ज यांनी तेथे असे यंत्र रचले, की नमुने एकाच बारीक नळीतून एकामागून एक वाहत आणि मध्ये सोडलेले हवेचे बुडबुडे त्यांना एकमेकांत मिसळू देत नसत. १९५७मध्ये टेक्निकॉन कंपनीने ते ‘ऑटोअ‍ॅनालायझर’ या नावाने बाजारात आणले. पुढच्या दशकात त्याच घराण्यातील यंत्र तासाला ६० नमुन्यांच्या प्रत्येकी १२ चाचण्या करू लागले. डॉक्टरांना एक आकडा हवा असला, तरी हाती बारा पडू लागले.

येथे गणित आडवे येते. निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांचे आकडे ज्या मर्यादेत बसतात, ती साधारणपणे ‘नॉर्मल’ मानली जाते. म्हणजे धडधाकट माणसाचाही आकडा तिच्याबाहेर जाण्याची शक्यता ५ टक्के उरतेच. परस्परांशी संबंध नसलेल्या १२ चाचण्या केल्या, तर निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ४६ टक्के होते. मग त्या आकड्याची शहानिशा करायला पुन्हा सुई.

या सुईचा हिशेब केवळ पैशांचा नाही. टोरांटोतील रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या, २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीसाठी काढलेल्या दर १०० मिलिलिटर रक्तामागे हिमोग्लोबिन सुमारे ०.७ने उतरलेले आढळले. आजार शोधताना आपण अशक्तपणाला हातभार लावत होतो.

उपाय काय? इंडियानापोलिस येथे बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना मागणी नोंदवतानाच संगणकाच्या पडद्यावर चाचणीचा दर दाखवला गेला. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चाचण्या सुमारे १४ टक्क्यांनी घटल्या. दर दाखवणे थांबले, तसा परिणामही ओसरला. २०१३मध्ये अमेरिकेतील रुग्णालयीन डॉक्टरांच्या संघटनेने सांगितले, की रुग्णाची प्रकृती आणि आकडे स्थिर असतील, तर त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा करू नयेत.

पूर्वी श्रमांनी घातलेला आळा यंत्राने काढून घेतला. इंडियानापोलिसचा धडा असा, की एकदा उपदेश करून तो परत येत नाही. तो मागणीपत्रकातच रोज असावा लागतो. उत्तर काहीही आले, तरी उपचार बदलणार नसेल, तर ही सुई कशासाठी, एवढे विचारणारी एक ओळ त्या कागदावर हवी.