इंजिन कुठे टांगायचे?

नौकेला इंजिन जोडले की तिचा वेग वाढतो, हे सर्वांना ठाऊक असते. तिचे पाण्यातले बसणेही बदलते, हे मात्र सहज लक्षात येत नाही. मुंबईला हा अनुभव जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आला.

१८२९ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी ‘ह्यू लिंडसे’ ही सागवानी आगबोट बांधली. तिला ८० अश्वशक्तीची दोन इंजिने होती. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. वाटेत एडनपर्यंत सुमारे ११ दिवस लागणार होते. कोळशाची सोय मात्र साडेपाच दिवसांपुरतीच होती. म्हणून प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला. त्या भाराने बोट ठरल्यापेक्षा खोल बुडाली. तिची चाके पाण्यात जास्त रुतली आणि वेग घटला. एडनला पोचेपर्यंत काही तासांपुरताच कोळसा उरला होता!

पुढे इंजिने लहान झाली. १९०९ मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी होडीच्या मागच्या फळीवर अडकवता येणारे इंजिन विक्रीला आणले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतू आणि रेझिन यांच्या होड्या बनू लागल्या. आज वरळी-माहीमच्या किनाऱ्यावर अशा फायबरच्या होड्या दिसतात.

आता समजा, जुन्या फायबर होडीवर नवे इंजिन लावायचे आहे. आत जागा मोकळी व्हावी म्हणून ते फळीमागे लोखंडी ब्रॅकेटवर टांगले. त्याचे वजन ५०० न्यूटन धरू. इंजिनाचा गुरुत्वमध्य फळीपासून १० सेंटिमीटरवर होता, तो ६० सेंटिमीटरवर गेला. आघूर्ण ५० वरून ३०० न्यूटन-मीटर, म्हणजे सहापट झाले. वजन तेच, फक्त तरफेचा हात लांबला! शिवाय पंखा खालून पुढे रेटतो. वजन आणि रेटा दोन्ही ब्रॅकेटचा वरचा भाग मागे ओढतात आणि खालचा फळीवर दाबतात. सारा ताण वरच्या बोल्टांवर येतो.

खरा धोका मात्र झाकलेला असतो. या फळीच्या पोटात बहुधा लाकूड किंवा प्लायवुड असते. बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपले की ते कुजते. बाहेरचे फायबर मात्र चकचकीतच राहते. अशा वेळी भर समुद्रात इंजिनासकट फळी निखळू शकते. म्हणून आधी फळी ठोकून पाहावी. बद्द आवाज आला, तर कुजका गाभा काढून नवा बसवावा. भोके नीट बुजवावीत, बोल्टांमागे आतून रुंद पट्टी द्यावी, फळीला तळाशी आणि बाजूंशी जोडणारे कोनाधार लावावेत. मागे वाढलेला भार तोलण्यासाठी इंधनाची टाकी पुढे सरकवावी.

वर्गात हे सहज दाखवता येईल. पाण्याच्या परातीत साबणाची रिकामी डबी तरंगवा. तिच्या मागच्या कडेला पट्टी चिकटवून त्यावर एक नाणे ठेवा आणि ते हळूहळू मागे सरकवा. पुढचे टोक किती उचलले जाते, ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. ‘ह्यू लिंडसे’ला किती भार आहे हा प्रश्न पडला होता, इथे तो कुठे आहे, हेही पाहावे लागते.