आपत्ती दुपारी तीन वीसला आली

४ ऑगस्ट २०२४. वार रविवार, तिथी आषाढ अमावास्या. देवघरापुरती ती दिव्यांची अवस, मटणाच्या दुकानापुरती गटारी. ऑगस्टचा पहिला रविवार म्हणून पोरांचा फ्रेंडशिप डे. पॅरिसला ऑलिंपिक चालू होतं. दुपारी दीडला भारत-ब्रिटन हॉकीचा उपांत्यपूर्व सामना, अडीचला कोलंबोत श्रीलंकेशी वनडे. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, तोही सोमवारी सुरू होणारा, म्हणजे पाच सोमवारांचा. एवढं सगळं एका रविवारच्या डोक्यावर, आणि त्यावर पाऊस.

घर आमच्या वरचं, चौथ्या मजल्यावरचं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, पण नदीपासून लांब, चढावर. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे निकाल मला छतातूनच कळला. बाकीचा तपशील नंतर जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा त्यांच्याच ओट्यापाशी चहा पिताना मिळालेल्या जबान्यांवरून जुळवला आहे. जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे मी आजींचं खरं धरलंय, कारण त्यांना वेळा पाठ असतात.

सकाळी ६:४० (८ तास ४० मिनिटं शिल्लक)

आजींनी घरातले सगळे दिवे ड्राय बाल्कनीत नेले. दोन समया, लामणदिवा, निरांजनं, पंचारती, आणि सुनेच्या माहेरून आलेला, कधीच न लावलेला एक मोठा पितळी दिवा. रात्री भिजवलेल्या चिंचेचा कोळ, थोडं मीठ, नारळाची शेंडी. चिंचेतल्या आम्लाने पितळेवरचा काळा थर सुटतो हे खरं, पण सुटलेला थर, चिंचेचे दोरे, चिंचोके आणि शेंडीचे तुकडे कुठेतरी जातातच. ते नहाणी ट्रॅपच्या जाळीवर बसले. पाणी तुंबायला लागलं तशी आजींनी जाळी उचलून वॉशिंग मशीनवर ठेवली आणि आत हाक मारली, “अहो, जाळी काढलीय. तिला सांगा मशीन लावायच्या आधी बसवायला.”

आजोबा म्हणाले, “हं.”

या ‘हं’वर मी नंतर बराच विचार केला. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्या वेळी त्यांच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलवर खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा. दहा दिवसांपूर्वी, २५ जुलैला, धरणातून सोडलेलं पाणी नदीकाठच्या एकतानगरीत घरांत शिरलं होतं, आणि आम्हाला वेळेत सांगितलंच नाही अशी तिथल्या लोकांची तक्रार होती. आजोबांनी ते दहा दिवस एकच मुद्दा लावून धरला होता: सूचना देणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हे, समोरच्याला कळल्याची खात्री करणं. तो मुद्दा त्यांनी मलाही दोनदा ऐकवला होता. जाळीची सूचना मात्र त्यांच्याकडून पुढे गेली नाही.

सकाळी ८:१५ (७ तास ५ मिनिटं)

मुलगा मटणाला गेला. गटारी रविवारी आली की रांगेला अंत नसतो. माणसं छत्र्या धरून, रेनकोटात, हेल्मेटसकट उभी असतात आणि पुढच्याने कलेजी मागितली की मागचे सुस्कारे सोडतात. तो सव्वादहाला परतला. यापेक्षा या टप्प्याला महत्त्व नाही.

सकाळी ९:३० (५ तास ५० मिनिटं)

सुनेने पहिलं मशीन लावलं. ती बँकेत आहे, शनिवारही कामाचा होता. आठवड्याचे कपडे साठलेले, आणि त्याआधीच्या दोन दिवसांचे अजून दमट. हॉलमध्ये खिडकीच्या गजापासून पंख्याच्या हुकापर्यंत दोरी. त्यावर शाळेचे युनिफॉर्म, चादरी, आजोबांचे लेंगे. पंखा पाचवर. पुण्यात पावसाळ्यातले कपडे वाळत नाहीत, फक्त गार होतात.

पाणी त्या वेळी गेलं. सावकाश गेलं, पण गेलं. ट्रॅपच्या गळ्यात चिंचेचा लगदा बसायला सुरुवात झाली होती. जाळी मशीनच्या झाकणावरून केव्हाच मागे घसरली होती.

सकाळी १०:३० (४ तास ५० मिनिटं)

नात दहावीला. तिला मैत्रिणींबरोबर फर्ग्युसन रस्त्याला जायचं होतं. आई म्हणाली, पाऊस बघ. बाप म्हणाला, सोमवारी चाचणी आहे. आजोबा म्हणाले, भिडे पूल पाण्याखाली आहे, नदीकाठचे रस्ते बंद होतील. खरं कारण एकच होतं: त्या दिवशी घरातून कुणीही बाहेर पडलं असतं तर कामं उरलेल्यांवर पडली असती. हे कुणी बोललं नाही. पोरीने पायात चढवलेले पांढरे मोजे काढले आणि बाल्कनीतल्या बादलीच्या दिशेने भिरकावले. एक बादलीत पडला.

सकाळी ११:४० (३ तास ४० मिनिटं)

आत्या आल्या. चिंचवडहून, न कळवता, भिजून.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरा दाब या ठिकाणी साठत होता. भोर तालुक्यात या कुटुंबाचं जुनं घर आणि थोडी जमीन आहे. गिऱ्हाईक आलं होतं. भावाने शुक्रवारी रात्री बहिणीला हक्कसोडपत्राचा मसुदा मोबाईलवर पाठवला, खाली एक ओळ: ‘ताई, वेळ मिळाला की बघ.’ फोन नाही, भेट नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. आत्यांचं लग्न त्याच्या आदल्याच वर्षीचं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. म्हणजे आधी कायद्याने नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि आता भाऊ म्हणतोय, सोड. आत्या सही करणार नव्हत्या असं नाही. त्यांना विचारलं जायला हवं होतं. समोर बसवून, चहा देऊन.

त्या घरात शिरल्या तेव्हा सून पोतेरं घेऊन पायपुसण्याभोवतीचं पाणी टिपत होती. “या ताई. कळवलं असतंत तर…” एवढं म्हणून ती थांबली. आत्यांनी ते अर्धं वाक्य पूर्ण ऐकलं.

दुपारी १२:३० (२ तास ५० मिनिटं)

दिव्यांची पूजा. हॉलमध्ये देवघरापुढे पाट, पाटाभोवती रांगोळी, त्यावर सगळे घासलेले दिवे ओळीने, आघाडा, दूर्वा, फुलं. कणकेचे गूळ घातलेले दिवे उकडून झालेले, वर तूप. मोठा पितळी दिवा आजींनी मधोमध ठेवला. सुनेने ते पाहिलं, काही बोलली नाही, पण मला सांगताना तिने हे दोनदा सांगितलं.

आजींनी कहाणी वाचली. दिव्याच्या अवसेची कहाणी अशी की राजाच्या सुनेने घरातला पदार्थ स्वतः खाल्ला आणि आळ उंदरांवर घातला. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. तिला घराबाहेर काढलं. शेवटी दिव्यांनीच आपसात बोलून ती निर्दोष असल्याचं राजाच्या कानी घातलं. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्यावरून घर कसं फुटतं याची इतकी नेमकी गोष्ट आपल्याकडे दुसरी नसेल. सगळ्यांनी हात जोडून ऐकली.

दुपारी १:१० (२ तास १० मिनिटं)

मटणाचा तह. आजींचं म्हणणं, दिव्याची पूजा मांडलेली असताना मटण ओट्यावर चढणार नाही. मुलाचं म्हणणं, उद्यापासून महिनाभर नाहीच आहे. तोडगा: इंडक्शन ड्राय बाल्कनीत. तिथला एकमेव प्लग मशीनला, म्हणून हॉलमधल्या मोठ्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढलं. बोर्ड स्वयंपाकघराच्या दारात, फरशीवर. दोन हजार वॉटच्या शेगडीला साडेआठ अँपिअरच्या वर करंट लागतो. साध्या एक्स्टेन्शनवर ती चालवूच नये. आजोबा तसं म्हणाले. हेही सांगायला हवं की ते बरोबर होते. पण एव्हाना त्यांचं ‘बरोबर असणं’ घराच्या अंगवळणी पडलं होतं.

दुपारी १:३० (१ तास ५० मिनिटं)

सामना सुरू. हॉलमध्ये कापसाची मोठी गादी अंथरलेली. तिच्यावर आजोबा, आजी, मुलगा, नात, आणि कडेला, कुणी ‘बसा’ म्हणायची वाट न बघता, आत्या. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेला सामना दहा जणांनिशी. आवाज वाढवला.

दुपारी २:०० (१ तास २० मिनिटं)

सुनेने दुसरं मशीन लावलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून हॉलकडे म्हणाली, “मशीन लावलंय, मी आत पडतेय जरा. पाण्याकडे लक्ष ठेवा.” त्याच मिनिटाला हरमनप्रीतने गोल केला. पाचही जणांच्या जबान्या या एका बाबतीत जुळतात: असं काही ती बोललीच नाही. मला खात्री आहे की ती बोलली.

दुपारी २:३० (५० मिनिटं)

ब्रिटनने बरोबरी साधून बराच वेळ झालेला. आजोबांनी क्रिकेट लावायला सांगितलं. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. बाल्कनीत मशीनने पहिलं पाणी सोडलं. वरून कपडे घालायच्या मशीनमधून एका दमात चाळीस-पन्नास लिटर पाणी येतं. ट्रॅपमध्ये चिंचेचा लगदा, लगद्यावर पांढरा मोजा. जाळी जागेवर असती तर मोजा वरच अडकला असता, दिसला असता, कुणीतरी उचलला असता. बाल्कनीची फरशी स्वयंपाकघरापेक्षा इंचभर खाली आहे. तो इंच भरला. कुकरच्या शिट्ट्यांत डबडब ऐकू आली नाही.

दुपारी ३:०५ (१५ मिनिटं)

खळबळलेल्या कपड्यांचं पाणी. आता इंच उरला नव्हता. पाणी उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात, फ्रिजखालून, हॉलच्या दिशेने. माझ्या छताला पहिला ओलावा याच सुमारास दिसला. मीही हॉकीच बघत होतो, मला वाटलं पावसाचा असेल.

आतल्या खोलीत सून बहिणीशी फोनवर बोलत होती. दार अर्धवट उघडं. बाहेर टीव्हीचा आवाज एवढा, की तिला ओरडूनच बोलावं लागत होतं.

दुपारी ३:२०

१-१, पेनल्टी शूटआउट. श्रीजेशने फिल रोपरचा फटका अडवला. भारताचा पुढचा फटका बसला की सामना संपणार. राजकुमार पाल धावायला निघाला.

पाणी बोर्डाला लागलं. गळती तीस मिलिअँपिअरवर गेली की मुख्य स्विच पडतो, पडला. टीव्ही गेला, पंखा गेला, इंडक्शन गेलं. आणि त्या अचानक शांत झालेल्या घरात, टीव्हीवर मात करायला चढवलेल्या आवाजात, सगळ्यांना नीट ऐकू गेलं:

“…हिस्सा सोडा म्हणून कागद पाठवायला वेळ आहे यांना. आई-बाबांना वर्षातले चार महिने चिंचवडला ठेवा म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी! बारा महिने मीच बघायचं, आता सहीपण मीच आणून देऊ का?”

गादीची आत्यांकडची कड ओली व्हायला लागली होती. बराच वेळ कुणी उठलं नाही. मग रांगोळी पाण्यावर तरंगताना आजींना दिसली आणि त्या म्हणाल्या, “जाळी.”

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी वर्णन करणार नाही, कारण ती मी वर जाऊन स्वतः पाहिली आणि शेजारधर्म म्हणून काही असतं. जाळी कुणी काढली, मोजा कुणाचा, मशीन कुणी लावलं, बोर्ड कुणी ठेवला, यावर सगळे बोलले. आतून ऐकू आलेल्या वाक्यावर कुणीच बोललं नाही. माझं मत विचाराल तर त्या बाईने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि आत्यांचंही चुकलं नव्हतं. ज्या माणसाने या दोघींशी वेगवेगळं आणि वेळेत बोलायला हवं होतं, तो हातात वायपर घेऊन, राजकुमारचा गोल झाला का, असं मला विचारत होता.

गोल झाला होता. भारत ४-२ ने जिंकला. संध्याकाळी खडकवासल्याचा विसर्ग चालूच होता आणि एकतानगरीत लष्कराची तुकडी उभी होती. आमच्या घरांतलं पाणी त्यापुढे काहीच नव्हे. मटण अर्धं शिजलेलं राहिलं आणि ते रात्री ओट्यावरच पुरं केलं, आजींनी स्वतः सांगून. ८ ऑगस्टला भारताने स्पेनला २-१ हरवून कांस्यपदक घेतलं. श्रावणात कापूस वाळत नाही. गादी टाकून द्यावी लागली. आत्यांनी सही केलेली नाही. भावाने अजून त्यांना फोनही केलेला नाही.