जालना : तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया, अशी आपली समजूत असते. परंतु रयतेच्या दृष्टीने कचेरी किती कोसांवर आहे, हाही इतिहासच होय.

निजामी राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. जिल्ह्याचा प्रमुख तो अव्वल तालुकदार आणि तालुक्याचा तो तहसीलदार. जालना पडले औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात. पेठ मोठी, छावणी जुनी. पण दर्जा तालुक्याचा. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली; मात्र जिल्ह्याच्या कामासाठी जालनेकराची सुमारे साठ किलोमीटरांची वारी चुकली नाही. १९६२ साली जिल्हा परिषद आली, तीही तेथेच. परतूरकरांची वाट तर परभणीकडे जाई.

१ मे १९८१ रोजी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे औरंगाबादचे आणि परतूर हा परभणीचा तालुका मिळून नवा जिल्हा झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके होऊन संख्या आठ झाली. प्रत्येक नव्या तालुक्याने शेतकऱ्याचा एखादा दिवस, एखादी मजुरी वाचविली.

तथापि, श्रोतेहो, अंतर घटले म्हणजे खेटे घटतातच असे नाही. कचेरी जवळ आणणे सरकारच्या हाती होते. तिच्याकडून वेळेवर काम करून घेणे हे जागरूक नागरिकांचे काम आहे.