दिनविशेष : २० ऑक्टोबर
कालिया कुलोत्तुंगन यांचे निधन (२०१८)

व्यंकोजीराजांच्या वंशामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या तंजावर शहरात २० ऑक्टोबर २०१८ रोजी, शनिवारी, दुचाकीच्या अपघातात फुटबॉलपटू कालिया कुलोत्तुंगन यांचा मृत्यू झाला. ते मध्यरक्षक, म्हणजे बचावफळी व आघाडीफळी यांच्यामधील जागा सांभाळून चेंडू पुढे पोहोचवणारे खेळाडू होते. हे काम जिकिरीचे खरे, पण गोल करणाऱ्याच्या वाट्याला येणारी प्रसिद्धी मध्यरक्षकाला सहसा मिळत नाही.

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाने सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखाली २००३ मध्ये जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हा कुलोत्तुंगन त्या चमूत होते. २६ जुलैच्या अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासना संघाचा ३-१ असा पराभव झाला आणि गोल करणाऱ्यांत गोव्याचे अल्विटो डिकुन्हा हेही होते. पुढे २००३-०४ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग, म्हणजे २००७ मध्ये आय-लीग सुरू होण्यापूर्वीची देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा, याच संघाने जिंकली.

त्यानंतर मोहम्मेडन स्पोर्टिंग, मोहन बागान, मुंबई एफसी, व्हिवा केरळ, भवानीपूर अशी त्यांची वाटचाल झाली. मोठ्या क्लबांकडून लहान क्लबांकडे होणारा हा प्रवास त्या काळच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जीवनाचा प्रातिनिधिक नमुनाच मानावा लागेल. संतोष करंडक या आंतरराज्य स्पर्धेत त्यांनी तमिळनाडूचे नेतृत्वही केले.