विजेच्या मोटारीचा पल्ला : नागपूरचा एक प्रयोग

लंडन शहरांत १८९७ सालीं विजेवर चालणाऱ्या टॅक्सीगाड्या प्रथम रस्त्यावर आल्या. त्यांच्या गुणगुणणाऱ्या आवाजावरून लोकांनीं त्यांना एका चिमुकल्या पक्ष्याचें नांव दिलें. परंतु शिशाच्या बॅटरीचें ओझें, देखभालीचा भारी खर्च आणि तोकडा पल्ला यांमुळें १८९९ सालींच त्यांना रजा घ्यावी लागली व घोड्याच्या गाडीनें बाजी मारली. पुढें १२० वर्षांनीं पल्ल्याचा तोच प्रश्न नागपूरच्या रस्त्यांवर निराळ्या वेषांत उभा राहिला.

२६ मे २०१७ रोजीं ओला ही टॅक्सी पुरविणारी कंपनी व महिंद्रा ही मोटारी बनविणारी कंपनी यांनीं मिळून नागपुरांत विजेच्या वाहनांचा प्रयोग सुरू केला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी, दोघेहि नागपूरचेच, समारंभास हजर होते. टॅक्सी, ई-रिक्षा इत्यादि मिळून सुमारें २०० वाहनें आणि चार ठिकाणीं मिळून ५० च्या वर चार्जिंगच्या जागा, असा बेत होता. त्यांत १०० टॅक्सी महिंद्राच्या ‘ई-टू-ओ प्लस’ जातीच्या होत्या.

या मोटारीच्या लहान बॅटरीच्या प्रकाराचा पल्ला ११० किलोमीटर म्हणून जाहीर झालेला होता. ४८ व्होल्ट व २१० अँपिअर-तास यांचा गुणाकार केला म्हणजे ही बॅटरी सुमारें १० युनिटांची ठरते. युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलांत येतें तेंच. अर्थात् एका युनिटास ११ किलोमीटर. हिशेब कागदावर मोठा गोड दिसतो. पण हे पल्ल्याचे आकडे प्रयोगशाळेंतले असतात. भारतांत अशी तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची, १९६६ सालीं स्थापन झालेली, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख होय. मोटार फिरत्या रोलरांवर उभी करून ठरावीक वेगपत्रकाप्रमाणें चालवितात. हवा बेताची, वातानुकूलन बंद. यांत लबाडी कांहींच नाहीं. दोन मोटारींची तुलना करावयाची तर दोहोंना एकच कसोटी लावणें प्राप्त आहे. घोटाळा होतो तो तुलनेसाठीं काढलेला आकडा प्रवासाचें वचन म्हणून वाचल्यानें.

नागपूरच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळीं वातानुकूलन बंद असलेल्या टॅक्सींत कोण बसेल? समजा, तें यंत्र तासाला १ युनिट वीज खातें. मोकळ्या रस्त्यानें गाडी ताशीं ४० च्या वेगानें गेली, तर हा खर्च ४० किलोमीटरांवर वांटला जातो. सीताबर्डीच्या गर्दींत ती ताशीं २० नें रांगली, तर तेंच एक युनिट २० किलोमीटरांच्या माथीं बसतें. चाकांना २० किलोमीटरांस १.८ युनिटें लागत होतीं, त्यांत हें एक मिळविलें कीं २.८ झालीं. या हिशेबानें १० युनिटें ७१ किलोमीटरांतच संपतात. गिऱ्हाइकाची वाट पाहत तासभर यंत्र चालू ठेवून उभें राहिलें, तर जागचें न हलतां ११ किलोमीटरांची वीज गेली म्हणून समजावें.

गंमत अशी कीं, नुसत्या चाकांच्या दृष्टीनें पाहिलें तर शहरांतलें थांबत थांबत जाणें विजेच्या मोटारीला तितकेंसें बाधत नाहीं. वेग कमी करतांना तिची मोटर उलट जनित्राचें काम करते व कांहीं वीज बॅटरींत परत येते. वर्धा रोडवरून भरधाव जाणें मात्र तिला महाग पडतें. कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो.

बॅटरींत वीज किती उरली हें ओळखणेंहि सोपें नाहीं. पेट्रोलच्या टाकींत काठी घालून पाहतां येतें. येथें तो उपाय नाहीं. शिशाच्या बॅटरींतून वीज जितक्या जोरानें उपसावी तितकी ती एकंदरींत कमी मिळते, हें पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालींच दाखविलें होतें. लिथियमच्या बॅटरींत हा दोष पुष्कळ कमी आहे. तरीहि चालकापुढें उमटणारा उरलेल्या पल्ल्याचा आकडा हा मागच्यावरून पुढचा केलेला तर्कच असतो : उरलेली वीज भागिले अलीकडचा दर किलोमीटरचा खर्च. सकाळच्या गारव्यांत आलेल्या गाडीला तो ९० दाखवील, आणि दुपारच्या गर्दींत शिरल्यावर दहा किलोमीटरांत वीस-पंचवीसांनीं खालीं येईल. बिचाऱ्या यंत्राला पुढचें ऊन कोठून ठाऊक असणार!

कचेरींत जाणाऱ्या गृहस्थाचें जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटरांत भागतें व रात्रीं घरीं बॅटरी भरतां येते. त्याला पल्ला ११० असो कीं ७१, फारसा फरक पडत नाहीं. टॅक्सीवाल्याचें पोट मात्र या आकड्यावर. सीताबर्डीहून बुटीबोरी सुमारें ३० किलोमीटर. समोर ५० चा आकडा दिसत असतां तें भाडें घ्यावें कीं नाकारावें? वाटेंत गाडी बंद पडली तर दिवसच बुडाला. म्हणून भाडें सोडणें आलें, आणि वर चार्जिंगच्या रांगेंत ताटकळणें आलें. नोव्हेंबर २०१७ मध्यें इंडियन ऑइलच्या नागपुरांतील एका पेट्रोल पंपावरहि ओलाच्या सहकार्यानें चार्जिंगची सोय झाली. पण गाड्यांच्या मानानें जागा थोड्याच राहिल्या. चालक तासन् तास रांगेंत अडकतात आणि कित्येकांना पुन्हा डिझेलच्या गाडीकडे वळावेंसें वाटतें, अशा हकीकती २०१८ च्या आरंभीं वृत्तपत्रांत आल्या. रांगांनीं रस्ता अडतो म्हणून रहिवाशांनीं विरोध केल्यावर एक केंद्र बंद करावें लागलें. न्यूयॉर्कच्या विजेच्या टॅक्सीवाल्यांनीं १८९७ च्या सुमारास रिकामी बॅटरी काढून तिच्या जागीं भरलेली बसविण्याची युक्ति योजिली होती. नागपूरच्या मोटारींत बॅटरी पक्की बसविलेली, त्यामुळें तीहि वाट खुंटली.

पुढें बॅटऱ्या मोठ्या झाल्या. जानेवारी २०२० मध्यें टाटांची विजेवर चालणारी नेक्सॉन मोटार बाजारांत आली ती ३०.२ युनिटांची, जाहीर पल्ला ३१२ किलोमीटर. म्हणजे बॅटरी तिप्पट झाली, तरी युनिटामागें दहाच्या आसपासचें गणित तेंच राहिलें. सप्टेंबर २०२४ मध्यें याच मोटारीचा ४५ युनिटांचा प्रकार निघाला, तेव्हां कंपनीनें दोन आकडे शेजारीं शेजारीं दिले. कसोटीचा पल्ला ४८९ किलोमीटर, आणि रस्त्यावर प्रत्यक्ष मिळावयाचा ३५० ते ३७०. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारें पाऊण भागाइतका आहे.